सहाशे बारा ट्रकवाल्यांचं बिऱ्हाड

धम्मरत्न ओव्हाळ रोज सकाळी रहाटणीहून कंपनीच्या बसमध्ये बसायचा आणि चाकण येईपर्यंत खिडकीतून ट्रकची मागची बाजू बघायचा. संध्याकाळी परतताना पुन्हा ट्रक, आणि कधी कधी तर सकाळचाच. एवढं सोसल्यावर माणसाने घरी येऊन ट्रकचं नाव काढू नये. पण हा हातपाय धुऊन, चहा पिऊन सोफ्याच्या कोपऱ्यात बसायचा आणि मोबाइलवर ट्रक चालवायचा. खेळाचं नाव होतं 'घाटवाट'. कांदे नाहीतर सिमेंट भरायचं आणि सह्याद्रीतले घाट चढायचे-उतरायचे. "तिथे ट्रॅफिक नसतं," हे त्याचं समर्थन होतं, आणि त्यावर त्याची बायको साक्षी काही बोलू शकत नसे, कारण ते खरंच होतं.

या खेळाला जोडून एक कट्टा होता. म्हणजे खेळणाऱ्यांनी एकमेकांशी लिहून बोलायची जागा. सभासद सहाशे बारा आणि संचालक धम्मरत्न. संचालक तो कसा झाला, हे त्यालाही नीट सांगता आलं नसतं. आधीचा संचालक एक दिवस लग्न करून नाहीसा झाला होता, आणि त्या दिवशी ऑनलाइन असलेला एकमेव शहाणा माणूस हा होता, एवढंच. पण जबाबदारी त्याने मनावर घेतली होती. चाकणच्या कारखान्यात तो क्वालिटीला होता, दिवसभर ब्रेकचे ड्रम मोजून पास-नापास करायचा. कट्ट्यावरही त्याची नजर तशीच फिरायची. कुणी 'घाट'चा 'घाठ' केला, तरी तो दुरुस्त करून घ्यायचा.

नऊ तारखेला खेळाच्या मालकांची सूचना आली. 'कट्टा तीस तारखेला कायमचा बंद होत आहे. आपल्या सहकार्याबद्दल आभार.'

कट्ट्यावर रडारड झाली. कुणी निषेध केला, कुणी निषेधाचा निषेध केला. शेवटी धम्मरत्नने जाहीर केलं, "घाबरू नका. आपण सगळे दुसरीकडे राहायला जाऊ. मी व्यवस्था करतो." हे लिहिताना त्याला आपण फार मोठे आहोत असं वाटलं. माणसाच्या आयुष्यात असे क्षण येतात आणि पुढचे तीन आठवडे त्यांची भरपाई करण्यात जातात.

तसं काम सोपं होतं. फोनवरच्या चॅटिंगच्या अ‍ॅपवर एक ग्रुप काढायचा आणि सगळ्यांना आत घ्यायचं. पण रविवारी सकाळी जिन्यात नानासाहेब भेटले.

नानासाहेब तळमजल्यावर राहायचे. इमारत ज्या जमिनीवर उभी होती, ती एके काळी त्यांच्या ज्वारीची होती, त्यामुळे इमारतीतल्या कुठल्याही प्रश्नावर बोलायचा त्यांना जन्मसिद्ध अधिकार होता. धम्मरत्नने त्यांना सहज म्हणून सांगितलं, आणि नानासाहेब जिन्याच्या पायरीवर बसलेच.

"किती मानसं म्हनलास?"

"सहाशे बारा, नाना."

"आन् सगळी एकाच खोलीत कोंबनार? आरं, भांडनं व्हतील. गाव बसवायचं म्हंजी आळ्या पायजेत. ज्याची त्याची आळी, ज्याचा त्याचा पार. आमच्या वाडवडलांनी गाव काय उगंच बसवलं व्हय?"

"पण नाना, हा फोनवरचा ग्रुप आहे."

"मानसं खरी हायत ना? मग झालं तर."

या युक्तिवादात काहीतरी गडबड आहे, हे धम्मरत्नला जाणवलं, पण नेमकी कुठे ते सापडेना. घरी येऊन त्याने कागदावर आळ्या आखल्या. घाट, दुरुस्ती, स्पर्धा, नवशिके, तक्रारी, शुभेच्छा आणि अवांतर. एकूण सात. शुभेच्छांचा ग्रुप वेगळा काढणं ही त्याची स्वतःची कल्पना होती. रोज सकाळी फुलांची चित्रं पाठवणाऱ्या लोकांना एकत्र ठेवलं तर ते ती एकमेकांनाच पाठवतील, असा त्यामागे विचार होता. आणि खरं सांगायचं तर या सगळ्या उद्योगात तेवढा एकच विचार बरोबर ठरला.

मंगळवारी संध्याकाळी तो कामाला लागला. सगळ्यांनी कट्ट्यावर कळवलेले नंबर एकेक करून बघायचा, माणसाचा स्वभाव आठवायचा आणि योग्य आळीत टाकायचा. साक्षी भाजी निवडत होती.

"अहो, सगळे काय एकाच दिवशी टाकताय? थोडे उद्यावर ठेवा."

"एकदा सुरू केलेली लाइन मध्येच थांबवायची नसते," तो म्हणाला. हे कारखान्यातलं वाक्य होतं.

सव्वातीनशे माणसं आत गेल्यावर त्याने 'घाट' ग्रुपसाठी नियम लिहिले. पहिला नियम असा: 'उतारावर ब्रेकवर विसंबू नका. ब्रेक कधीही दगा देतो. गिअर खाली टाका.' खाली सवयीने पूर्ण नाव लिहिलं, धम्मरत्न ओव्हाळ, आणि पाठवून दिलं.

निरोप गेला, पण 'घाट'मध्ये दिसेना. त्याने वर-खाली शोधलं. निरोप कंपनीच्या ग्रुपवर गेला होता, आणि तोही आपल्या लोकांच्या नव्हे. ज्यांना कंपनी ब्रेकचे ड्रम विकते, त्या गिऱ्हाइकांच्या ग्रुपवर. तिथे गिऱ्हाइकांचे अकरा अधिकारी होते. ब्रेक बनवणाऱ्या कंपनीचा क्वालिटीचा माणूस रात्री पावणेदहा वाजता, कुणीही न विचारता, स्वतःच्या सहीनिशी सांगत होता की ब्रेक कधीही दगा देतो.

त्याने निरोप पुसायला घेतला, तेवढ्यात पडद्यावर नवीनच अक्षरं आली. 'या नंबरवरून एकाच वेळी फार लोकांना ग्रुपमध्ये घेतलं गेल्यामुळे आपलं खातं थांबवण्यात आलं आहे. आपल्याला तपासणीची विनंती करता येईल.'

त्याने विनंती केली. 'आपण माणूस आहात का?' असा प्रश्न आला. त्याने हो म्हटलं. त्याबद्दल काही चित्रं दाखवून त्यातले सिग्नल ओळखायला सांगण्यात आलं. रोज दोन तास सिग्नलला उभा राहणारा माणूस, पण घाबरल्यामुळे त्यातही दोनदा चुकला. 'तपासणी सुरू आहे,' असं उत्तर आलं आणि फोन गप्प झाला.

दुसऱ्या दिवशी क्वालिटीचे मॅनेजर बबनराव यांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. बबनराव आवाज चढवत नसत. म्हणूनच लोक त्यांना घाबरत.

"ओव्हाळ, आपण काय बनवतो?"

"ब्रेक ड्रम, सर."

"मग?"

"सर, ते मोबाइलमधल्या ट्रकबद्दल होतं."

बबनरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "गिऱ्हाइकाच्या खरेदी विभागाने विचारलंय की ही माहिती तुमच्याकडे कधीपासून होती. आता काय उत्तर देऊ? मोबाइलमधल्या ट्रकला आपण माल देत नाही, असं?"

रिजेक्ट झालेला ड्रम लाल खोक्यात पडतो तेव्हा त्याला कसं वाटत असेल, हे धम्मरत्नला पहिल्यांदा समजलं.

मग नियमाप्रमाणे फॉर्म आला. चूक का झाली, हे पाच वेळा 'का?' विचारून मुळापर्यंत जायचा फॉर्म. इतकी वर्षं तो दुसऱ्यांकडून भरून घ्यायचा. आता स्वतः लिहायला बसला. निरोप चुकीच्या ग्रुपवर का गेला? ग्रुप फार होते म्हणून. ग्रुप फार का होते? गावाला आळ्या लागतात म्हणून. आळ्या का लागतात? नानासाहेब म्हणाले म्हणून. नानासाहेबांचं का ऐकलं? ते जिन्यात बसले होते म्हणून. जिन्यात का बसले होते? याचं उत्तर त्याला देता येईना. फॉर्म दोनदा परत आला. पहिल्यांदा पाचवा 'का' रिकामा होता म्हणून, आणि दुसऱ्यांदा 'नानासाहेब हे कोणत्या विभागात आहेत ते नमूद करावे' असा शेरा मारून.

इकडे सात ग्रुप उघडे आणि बिनमालकाचे पडले होते. शेवटी धम्मरत्नने साक्षीचा फोन मागितला. "दोन दिवसांपुरता," तो म्हणाला. उरलेल्यांसाठी कट्ट्यावर टाकलेल्या लिंकवरून ग्रुपमध्ये शिरून ओळख करून दिली, 'हा माझ्या पत्नीचा नंबर आहे, पण बोलणारा मीच आहे.' हे वाक्य कुणीही शेवटपर्यंत वाचलं नाही. सगळे तिला साक्षीताई म्हणू लागले.

साक्षी काळेवाडीतल्या एका दवाखान्यात नावनोंदणीच्या खिडकीवर बसायची. आजारी, चिडलेली आणि नंबर चुकलेली माणसं सांभाळणं हा तिचा रोजचा धंदा होता. 'स्पर्धा' ग्रुपमध्ये दोघांचं चार दिवस भांडण चाललं होतं आणि धम्मरत्नने त्यावर नियमावलीचं कलम शोधायला घेतलं होतं. साक्षीने पोळ्या लाटता लाटता आवाज रेकॉर्ड करून पाठवला, "दादा, तुमचं झालं का बोलून? आता त्यांना बोलू द्या. तुमचा नंबर परत येईल." भांडण तिथेच मिटलं. शिवाय दोघांनीही 'धन्यवाद ताई' लिहिलं. धम्मरत्नला सहा वर्षांत कुणी धन्यवाद लिहिल्याचं आठवत नव्हतं. त्याने ते दोन धन्यवाद पुन्हा एकदा वाचले आणि फोन तिच्याकडे सरकवला.

ग्रुपची लिंक तोपर्यंत गावभर झाली होती. घाट न बघितलेली माणसं आत येऊन प्लॉट आणि वजन घटवायच्या पावडरी विकू लागली. यावर वरच्या मजल्यावरच्या रोहिदासने उपाय सांगितला. रोहिदास आयटीत होता आणि त्याला प्रत्येक दुखण्यावर एकच औषध माहीत होतं.

"भावा, बॉट बसवू. दारावरचा वॉचमन समज. येणाऱ्याला एक प्रश्न विचारेल. उत्तर बरोबर तर आत, चुकलं तर बाहेर. आपल्याला डोक्याला ताप नाय."

प्रश्न धम्मरत्नने काढला: 'भरलेला ट्रक तीव्र उतारावर कोणत्या गिअरमध्ये उतरवावा?' उत्तर: 'दुसऱ्या'. आधीपासून आत असलेल्यांचीही एकदा परीक्षा होऊन जाऊ दे, असंही त्यानेच सुचवलं. गुणवत्तेच्या बाबतीत तो कुणाचा मुलाहिजा ठेवत नसे.

बॉट शनिवारी दुपारी सुरू झाला. संध्याकाळपर्यंत त्याने एकशे सत्तेचाळीस माणसं बाहेर काढली. कुणी 'दुसरा' लिहिलं होतं, कुणी 'सेकंड', कुणी '२'. बॉटला फक्त 'दुसऱ्या' माहीत होतं. पावडर विकणारा मात्र आत राहिला. त्याने कुणाची तरी नक्कल केली होती.

आणि बाहेर काढलेल्यांत 'गोजा५६' होता.

गोजा५६ म्हणजे कट्ट्यावरचं सगळ्यात मानाचं नाव. घाट उतरण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. हा एखादा निवृत्त ड्रायव्हर असणार, मिशा असणार, असं धम्मरत्नने मनाशी ठरवून टाकलं होतं. बॉटच्या प्रश्नाला गोजा५६ने उत्तर दिलं होतं, 'ते घाटावर हाय. कंचा घाट ते आदी सांग.' बॉटने सांगितलं नाही. हाकलून दिलं.

रविवारी सकाळी दाराची बेल वाजली. दारात नानासाहेब, आणि त्यांच्यामागे नऊवारी नेसलेली, सत्तरीकडे झुकलेली एक बाई. हातात फोन, आणि फोनला गळ्यात अडकवायची दोरी.

"ही आमची गोजाबाई," नानासाहेब म्हणाले. "पुनावळ्याला दिल्याली चुलत भन. म्हनती, तुमच्या हितला कुनी ओव्हाळ हाय, त्यानं मला हाकललं. म्या म्हनलं, त्यो तर आमच्याच बिल्डिंगीतला."

धम्मरत्नला हे समजायला थोडा वेळ लागला. "म्हणजे... गोजा छप्पन्न?"

"व्हय," गोजाबाई म्हणाली. "छपन सालचा जल्म. पानी दे बाळा आदी, जिनं लई हायत तुजं."

साक्षीने पाणी दिलं, खुर्ची दिली. धम्मरत्न बॉटबद्दल माफी मागू लागला. गोजाबाईने हात हलवून ते बाजूला सारलं.

"हाकललं त्याचं काय न्हाई. मला येक सांग. मानसं तू हिकडं आनलीस. माजं लिव्हल्यालं कुटं हाय?"

"कुठलं लिहिलेलं?"

"मालकांची वळनं."

धम्मरत्नला आठवलं. कट्ट्यावर त्या नावाचा एक धागा होता. त्याने तो एकदा उघडून शुद्धलेखनाच्या चुका मोजल्या होत्या आणि हात टेकले होते. आता गोजाबाईने फोनवर तो उघडून त्याच्यापुढे धरला. मालक म्हणजे तिचा नवरा, कोंडीराम. एकतीस वर्षं ट्रक चालवला. घरी आला की जेवताना ताटातल्या भाकरीवर बोटाने रस्ता काढून दाखवायचा, कुठे काय आहे ते. तो गेल्यावर नातवाने गोजाबाईला फोन दिला, त्यात हा खेळ होता. खेळात घाट आला की तिला भाकरीवरची बोटं आठवायची आणि ती लिहून ठेवायची. दोनशे चौदा वळणं झाली होती.

धम्मरत्नने एक वाचलं. 'माळशेजला वरून तिसऱ्या वळनाला डाव्या अंगाला पानी झिरपतं. मालक तितं गाडी थांबवायचे. वंजळभर पानी प्यायचे. मागच्या गाडीवाला हारन वाजवायचा. मालक म्हनायचे, वाजव बाबा, तुजंबी बरोबर हाय.'

त्याने दुसरं वाचलं. मग तिसरं. एकाही चुकीला त्याने बोट लावलं नाही.

"तीस तारखेला हे सगळं पुसलं जाणार," तो हळूच म्हणाला. माणसं कुठे ठेवायची, याचा आराखडा त्याने सात आळ्यांचा केला होता. त्यांनी एकमेकांना काय सांगितलं, ते कुठे ठेवायचं, हा विचार त्याच्या मनातच आला नव्हता.

"आज सत्तावीस," साक्षी म्हणाली. "तीन दिवस आहेत."

कट्ट्यावरचा मजकूर उचलून घ्यायची सोय नव्हती. फोटो काढावेत तर अक्षरं मुंगीएवढी यायची आणि गोजाबाईला ती दिसत नव्हती. एकच मार्ग होता, हाताने उतरवून काढायचा. साक्षीने फोन घेतला आणि सातही ग्रुपवर आवाज पाठवला, "मी साक्षीताई बोलतेय. एक काम आहे. प्रत्येकाने कट्ट्यावर परत जायचं आणि मी सांगते ती दहा वळणं टाइप करून मला पाठवायची. जशीच्या तशी. शुद्धलेखन दुरुस्त करायचं नाही."

शेवटचं वाक्य कुणासाठी होतं, हे धम्मरत्नला कळलं.

रोहिदासने बॉट बंद केला, बाहेर काढलेल्यांना परत घेतलं आणि लॅपटॉप घेऊन खाली आला. साक्षी वळणं वाटून देत होती. नानासाहेब दिवाणावर बसून मोठमोठ्याने वाचून दाखवत होते, कारण त्यांना टाइप करता येत नव्हतं आणि गप्प बसताही येत नव्हतं. मध्येच ते थांबले. "कोंडीराम दाजी हितं माजं नाव घ्यायचे ते बी लिव्हलंयस गं," असं म्हणून त्यांनी चष्मा पुसला आणि पुढचं वळण घेतलं. दुपारी चारपर्यंत दोनशे चौदा वळणं झाली. पण तोवर कट्ट्यावर गेलेल्या लोकांना आपापली जुनी भांडणं, जुनी कौतुकं सापडायला लागली होती. हेही उतरवू या, तेही उतरवू या. सोमवारी, मंगळवारी तिथे जत्रेसारखी गर्दी होती. सोडून गेलेले, लग्न करून गेलेले, सगळे परत आले. आधीचा संचालकसुद्धा डोकावून गेला.

तीस तारखेला धम्मरत्न कंपनीच्या बसमध्ये बसून शेवटची सूचना बघायला कट्ट्यावर गेला. सूचना होती. 'गेल्या तीन दिवसांत कट्ट्यावर विक्रमी वर्दळ झाल्याचे आमच्या लक्षात आले आहे. खेळाडूंच्या या प्रेमाचा मान राखून कट्टा बंद करण्याचा निर्णय आम्ही मागे घेत आहोत.'

त्याने आनंदाने शेजारच्याच्या मांडीवर थाप मारली. शेजारचा झोपला होता, तो दचकून उठला आणि चाकण आलं असं समजून उतरायला निघाला. त्याला परत बसवेपर्यंत धम्मरत्नच्या डोक्यात हिशेब सुरू झाला होता. कट्टा एक. ग्रुप सात. संचालक एक.

संध्याकाळी साक्षीच्या फोनवरून त्याने सातही ग्रुपवर लिहिलं, आता आपल्याला परत जाता येईल. कुणीही जायला तयार नव्हतं. 'नवशिके' म्हणाले, आम्ही आत्ताच स्थिरावलो. 'स्पर्धा'ने पुढच्या महिन्याचं वेळापत्रक लावलं होतं. 'तक्रारी' ग्रुपने परत जाण्याबद्दल तक्रार केली. 'शुभेच्छा'ने कट्टा वाचल्याबद्दल एकशे बारा फुलं पाठवली आणि जागचा हलला नाही. आणि कट्टासुद्धा कुणी सोडेना, कारण तो आता आपण वाचवला आहे, असं प्रत्येकाला वाटत होतं.

त्याच दिवशी त्याच्या नंबरची तपासणी पूर्ण होऊन खातं सुरू झालं. तो माणूस असल्याचं मान्य करण्यात आलं होतं. त्याने पहिलं काम केलं ते राजीनामा लिहिण्याचं. साध्या शब्दांत, कुणालाही दोष न देता. पाठवण्यापूर्वी ग्रुपचं नाव तीनदा वाचलं आणि 'अवांतर'मध्ये टाकला. मग फोन पालथा ठेवून तो चहा प्यायला.

अर्ध्या तासाने गोजाबाईचा फोन आला.

"राजीनामा वाचला रं. चांगला लिव्हलायस. नानाला बी वाचून दाखवला. त्यो म्हनला, अक्षर चांगलं हाय."

"ते टाइप केलेलं आहे, मावशी."

"आसंल. आईक. लोकं लई बोलत्यात त्याच्यावं. कोन म्हनतं जाऊ द्या, कोन म्हनतं न्हाई. अवांतरात गोंधळ झाला. मंग म्या येक नवा ग्रुप काढला, तुज्या राजीनाम्याचा. दोनशे चाळीस जन आलं बी. तेवढं बोलनं हुईस्तवर कुनीतरी बघाया पायजे ना, म्हनून तुलाच संचालक केलाय."

धम्मरत्नने फोन कानावरून खाली घेतला. साक्षी स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती.

त्याने नवा ग्रुप उघडला. आत आत्ताच तिघे एकदम बोलत होते, दोघे विषय सोडून बोलत होते आणि एकाने 'राजीनामा'तला 'जी' ऱ्हस्व लिहिला होता.

धम्मरत्न सोफ्याच्या कोपऱ्यात नीट मांडी घालून बसला आणि त्याने लिहायला घेतलं, 'नमस्कार. या ग्रुपचे नियम पुढीलप्रमाणे.'